वेड्यांच्या बेड्या आणि डॉक्टर पिनेल

थट्टेत एखाद्यास रत्नागिरीला धाडा असे म्हणण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. कोणी ठाण्याचे नाव घेतो, कोणी येरवड्याचे. या गावांचा अपराध एवढाच की, तेथे मनोरुग्णांची इस्पितळे आहेत. रत्नागिरीचे इस्पितळ १८८६ साली स्थापन झाले. तापाच्या रोग्यास हसणारा मनुष्य आपल्यांत निर्दय ठरतो. मग मनाच्या रोग्यास हसणारा विनोदी का ठरावा? हा विचार वाचकांच्या मनात जागा व्हावा, या हेतूने आज आम्ही एका जुन्या चित्राची व त्यातील पुरुषाच्या चरित्राची हकीकत सांगण्याचे योजिले आहे.

हे चित्र रॉबेर-फ्लरी नामक फ्रेंच चित्रकाराने १८७६ साली रंगविले, व त्यावरून खोदून छापलेल्या प्रती देशोदेशी गेल्या. पॅरिस शहरातील साल्पेत्रिएर या स्त्रियांच्या इस्पितळाचे अंगण आहे. मध्यभागी एक तरुण स्त्री भान हरपल्यासारखी उभी असून तिची बंधने सोडविली जात आहेत. दुसरी एक स्त्री गुडघे टेकून डॉक्टराच्या हाताचे चुंबन घेत आहे. बाजूस इतर अभागिनी अजून साखळदंडांत आहेत. तो डॉक्टर म्हणजे फिलिप पिनेल होय.

पिनेल याचा जन्म १७४५ साली दक्षिण फ्रान्सात एका शस्त्रवैद्याच्या घरी झाला. प्रथम तो धर्मशास्त्र शिकला, पण मन वैद्यकाकडे वळल्याने तुलूझ येथे १७७३ साली त्याने वैद्यकाची पदवी मिळविली. १७७८ साली तो पॅरिसास आला. तेथील वैद्यमंडळ परगावच्या पदवीस मान देईना; तेव्हा गणिताच्या शिकवण्या, वैद्यकग्रंथांची भाषांतरे व एका आरोग्यविषयक पत्राचे संपादन यांवर त्याने वर्षानुवर्षे गुजराण केली. याच काळात त्याच्या एका तरुण मित्रास वेड लागले व त्यातच त्याचा करुण अंत झाला. त्या दुःखाने पिनेलास या रोगाच्या अभ्यासाकडे ओढले.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९३ साली, बिसेत्र येथील पुरुषांच्या इस्पितळात त्याची नेमणूक झाली. तेथे वेडे लोक गुन्हेगारांप्रमाणे जखडलेले होते. पिनेलाने काय केले? तो त्यांच्याजवळ बसला, त्यांच्याशी बोलला, प्रत्येकाची हकीकत टिपून ठेवू लागला. रक्त काढणे, जुलाब देणे असल्या उपायांवर सरसकट विसंबणे त्याने सोडले. वेड हा दैवी कोप नव्हे, रोग आहे, आणि रोग्यात थोडी तरी शुद्ध बुद्धी शिल्लक असते, तिच्याशीच वैद्याने संवाद करावा, हे त्याचे मत त्याच्या ग्रंथाने शतकाच्या आरंभी युरोपभर पसरविले.

येथवर चित्र व चरित्र यांचा मेळ बसतो. पुढे मात्र चित्र अपुरे पडते. बिसेत्र येथे वेड्यांच्या विभागाची व्यवस्था पाहणारा ज्यां-बाप्तिस्त प्युसँ नावाचा एक मनुष्य होता. हाही १७४५ चाच. धंद्याने चामडे कमावणारा. गंडमाळेच्या विकाराने तो त्याच इस्पितळात रोगी म्हणून आला, बरा झाला, व तेथेच सेवेस राहिला. वैद्यकाची पदवी त्याजपाशी नव्हती. परंतु रोग्यांवर हात उगारण्याची त्याने सेवकांस सक्त मनाई केली, व बरे झालेल्या रोग्यांतूनच तो सेवक निवडू लागला. १७९७ साली बिसेत्र येथील साखळदंड काढले ते यानेच. पिनेल त्यापूर्वी दोन वर्षे साल्पेत्रिएर येथे बदलून गेला होता. पिनेलाने पुढे प्युसँ यास आपल्याकडे बोलावून घेतले, आणि आपल्या ग्रंथात त्याचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले. पिनेलाच्या पुत्राने व शिष्यांनी मात्र सारे श्रेय एकट्या डॉक्टराच्या पदरी घातले. चित्रातही बंधने सोडणारे हात सेवकाचे आहेत. पाहणाराची दृष्टी मात्र डॉक्टराकडेच जाते! अनावर रोग्यांस आवरण्यासाठी जाड कापडाचे बंद अंगरखे पुढेही चालूच राहिले, हेही सत्य सांगितले पाहिजे.

पिनेलाचा उत्तरकाळ सुखाचा नव्हता. १८२२ साली सरकारने पॅरिसचे वैद्यकविद्यालय बरखास्त केले, व ते पुन्हा उघडताना या वृद्ध अध्यापकास वगळले. १८२६ साली तो निवर्तला.

कोणी म्हणेल, परदेशातील या जुन्या गोष्टीशी आपला काय संबंध? संबंध आहे. २००१ साली तमिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण पळता न आल्यामुळे जळून मेले. म्हणजे प्युसँने साखळ्या काढल्यावर दोनशेचार वर्षांनी! आपल्या देशात १८५८, १९१२, १९८७ व २०१७ असे कायदे एकामागून एक झाले. शेवटच्याने मनोरुग्णास साखळीने बांधणे स्पष्टपणे निषिद्ध केले. परंतु कायदा लोखंडाची साखळी तोडतो. लाजेची साखळी समाजानेच तोडावी लागते. रोगी बरा होतो, डॉक्टर त्यास घरी नेण्यास सांगतात, आणि भाऊबंद पत्ता बदलतात. मुलीच्या लग्नात अडचण येईल, पेढीची पत जाईल, ही त्यांची भीती. अशा रीतीने बरा झालेला मनुष्यही इस्पितळातच म्हातारा होतो.

ज्या रत्नागिरीने १९३१ साली पतितपावन मंदिराचे दार सर्व हिंदूंस उघडले, तिला आणखी एक दार उघडणे अवघड नाही. व्यापारी बंधूंस आमची विनंती एवढीच की, इस्पितळातून बरा होऊन आलेल्या मनुष्यास दुकानात, वखारीत, हिशेबाच्या वहीवर काम द्यावे. प्युसँने बरे झालेल्यांस कामावर घेतले, त्यात त्याचे नुकसान झाले नाही. उलट त्याचे सर्वांत दयाळू सेवक त्यांच्यांतूनच निघाले. पिनेल होण्यास विद्वत्ता लागते. प्युसँ होण्यास माणुसकी पुरते, व ती कोणत्याही पदवीवाचून मिळते.