विश्लेषण : हजार रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके गेली कुठे?

झुंजार किंवा काळा पहाड ही नावे घरातल्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाजवळ सहज काढून पाहा. चंद्रपूर असो की गडचिरोली, एखादे आजोबा तरी खुर्चीत सरसावून बसतील. नातवाला मात्र ही नावे ठाऊक नसतात. हजाराहून अधिक पुस्तके लिहिलेला, विक्रमांच्या ‘गिनेस’ बुकाशी ज्याचे नाव जोडले जाते असा लेखक दोन पिढ्यांत इतका विसरला कसा जातो?

कोण होते बाबूराव?

खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६ चा, निधन १९९६ मध्ये. टोपणनावातले अर्नाळा म्हणजे विरारजवळचे, समुद्रातल्या किल्ल्यासाठी ओळखले जाणारे गाव. बाबूरावांचे मुंबईत चष्म्यांचे दुकान होते. कंदिलाच्या उजेडात रात्र रात्र त्यांची पुस्तके वाचणाऱ्यांपैकी काही जण पुढे त्यांचेच गिऱ्हाईक झाले असतील, तर नवल नाही!

त्यांच्याआधी गो. ना. दातारांनी इंग्रजी कादंबऱ्यांवर बेतलेल्या अद्भुत कथांची गोडी मराठी वाचकाला लावली होती. बाबूरावांनी ती छोट्या, स्वस्त, एका बैठकीत संपणाऱ्या पुस्तकात आणली.

झुंजार आणि मंडळी

बाबूरावांचा धनंजय हा सरळमार्गी गुप्तहेर आणि छोटू त्याचा साहाय्यक. ही जोडी पाहिली की शेरलॉक होम्स आणि वॉटसन आठवतात. पण वाचकांनी खरा जीव लावला तो कायद्याच्या काठावर चालणाऱ्या नायकांना. काळा पहाड हा समाजात चंद्रवदन नावाचा प्रतिष्ठित गृहस्थ. झुंजार गुंडांना लुबाडतो, पोलिसांची फिरकी घेतो आणि संकटातही थट्टा सोडत नाही. लेस्ली चार्टरिस यांच्या ‘सेंट’ या इंग्रजी नायकाची सावली त्याच्यावर आहे, असे जाणकार सांगतात. ती आहेच. पण पत्नी विजया आणि साथीदार नेताजी यांच्यासह झुंजार पक्का मराठी झाला.

याच काळात अमेरिकेत डॅशिएल हॅमेट आणि रेमंड चँडलर वेगळाच नायक घडवत होते. हॅमेट स्वतः पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरी केलेले. चँडलर तेल कंपनीतली नोकरी गेल्यावर, चाळिशी उलटल्यानंतर रहस्यकथांकडे वळले. त्यांचा फिलिप मार्लो १९३९ मध्ये कादंबरीत आला. एकटा, दारू पिणारा, आतून दुखावलेला आणि ते लपवायला टोमणे मारणारा. झुंजारच्या थट्टेमागे असे दुखणे नाही. त्याला घर आहे, घरी वाट पाहणारे माणूस आहे. मार्लो अधिक खोल वाटतो हे खरे. पण दिवसभर राबून आलेल्या वाचकाला रात्री कोण हवा असेल, हे सांगायला समीक्षक लागत नाही.

पोलिसांना गुंगारा देणारा नायक तेव्हा का आवडला, हेही समजून घ्यायला हवे. सत्तेचाळीसपूर्वी पोलीस म्हणजे परक्या सरकारचा हात. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूरने तो अनुभवला होता. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. सारा मुलूख ‘चांदा’ म्हणून ओळखला जाई आणि १९५६ पर्यंत मुंबई राज्यातही नव्हता.

एवढे लिहिले कसे?

रहस्यकथांची संख्या १०४२ सांगितली जाते. लेखनाची कारकीर्द पन्नास वर्षांची धरली, तरी वर्षाला वीस पुस्तके होतात. म्हणजे दर अडीच आठवड्यांना एक, तेही दुकान सांभाळून. एवढ्या वेगात सगळे सारखे उतरणार नाही. योगायोग फार, वेषांतरे त्याहून फार. पण पुढचे पान उलटायला लावण्याची कला त्यांना साधली होती. नंतरच्या गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकरांना जो वाचक तयार मिळाला, तो घडवण्यात बाबूरावांचा वाटा मोठा. वाङ्मयाच्या इतिहासात मात्र त्यांच्या वाट्याला जेमतेम चार ओळी येतात. हा माझ्या मते अन्याय आहे. वाचनाची सवय लावणाऱ्याची नोंद वेगळ्या मापाने व्हायला हवी.

पुस्तके गेली कुठे?

ती वाचून वाचून संपली. स्वस्त कागद, पातळ पुठ्ठा आणि हातोहात फिरणाऱ्या प्रती. वाचनालयांत जीर्ण पुस्तके यादीतून कमी होतात, आणि जीर्ण तीच होतात जी लोक नेतात. न वाचलेला ग्रंथ मात्र कपाटात नव्यासारखा राहतो. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावी लागते. पण त्याआधीची पुस्तके या कायद्यात येत नाहीत.

दुसरी अडचण कॉपीराइटची. भारतात लेखकाच्या निधनानंतर साधारणपणे ६० वर्षे हक्क टिकतो. बाबूरावांच्या बाबतीत ही मुदत २०५६ अखेर संपेल. तोवर हक्कधारकांच्या परवानगीशिवाय अख्खे पुस्तक स्कॅन करून व्हॉट्सअॅपवर फिरवता येणार नाही. मात्र जुनी प्रत जपणे, विकणे किंवा वाचनालयाला देणे यात काही गैर नाही.

माळ्यावरच्या पेटीत एखादी सापडली, तर फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि कागद खाते. प्रत आडवी, कोरड्या जागी ठेवा. आणि शेवटची पाने आहेत ना, ते आधी पाहा. बांधणी सुटली की तीच पहिली गळतात, आणि गुन्हेगाराचे नाव नेमके तिथेच असते.