ट्रॉफीला पाच वर्षं लागली, चालेल?

तुमच्या टीमला नवा मॅनेजर आलाय. पहिल्या पाच मॅचपैकी दोन हरलात, दोन ड्रॉ. म्हणजे एव्हाना कट्ट्यावर दोन पार्ट्या पडल्या असणार. एका पार्टीचं म्हणणं, याची सिस्टीमच बोगस आहे, आपला खेळ असा कधी नव्हताच. दुसरी पार्टी म्हणते, जरा दम धरा, त्याला हवे ते प्लेअर तरी मिळू द्यात. मग आवाज चढतात, चहा थंड होतो आणि निकाल काहीच लागत नाही.

हा वाद टीव्हीवर फुटबॉल दिसायच्याही आधीपासून चालू आहे. तुम्ही कुठल्याही पार्टीत असा, पुढच्या वेळी भांडायला बसण्याआधी एका माणसाची गोष्ट माहीत करून घ्या. हर्बर्ट चॅपमन. आर्सेनलचे फॅन असाल तर एमिरेट्स स्टेडियमबाहेरचा त्यांचा पुतळा फोटोत पाहिला असेल.

चॅपमन यांचा जन्म १९ जानेवारी १८७८चा. गाव किव्हेटन पार्क, इंग्लंडमधल्या शेफिल्डजवळचं. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. पोरगा हुशार, त्यामुळे खाणीत न उतरता मायनिंग इंजिनीअरिंग शिकला. फुटबॉलपटू म्हणून मात्र यथातथाच. स्टार होता तो त्यांचा भाऊ हॅरी, शेफिल्ड वेन्सडेचा. हर्बर्ट एका क्लबातून दुसऱ्या क्लबात फिरत राहिले. टॉटनहॅमकडून खेळताना ते पिवळे बूट घालायचे, बरेचदा त्यांच्या खेळापेक्षा त्या बुटांचीच जास्त चर्चा व्हायची.

१९०७मध्ये नॉर्दॅम्प्टनने त्यांना प्लेअर-मॅनेजर केलं. त्या काळी टीम निवडायची क्लबच्या संचालकांनी, आणि मैदानात उतरल्यावर ज्याला जे सुचेल ते त्याने करायचं. चॅपमन मात्र खेळाडूंशी मॅचच्या आधी बोलायला लागले. त्यांच्या डोक्यात एक साधी गोष्ट होती. सारखं आक्रमण करत राहिलं तर समोरचे सगळे मागे जाऊन गर्दी करतात, मग गोल होणार कुठून? त्यापेक्षा त्यांना पुढे येऊ द्यायचं आणि मागे जागा मोकळी झाली की झटकन सुटायचं. आज आपण ज्याला काउंटर अटॅक म्हणतो, तेच हे. नॉर्दॅम्प्टन १९०९मध्ये सदर्न लीगचं विजेतं झालं.

मग १९१२ला लीड्स सिटी क्लब. तिथे करिअरच संपायची वेळ आली. पहिल्या महायुद्धात खेळाडूंना पगार द्यायला बंदी होती, आणि लीड्सने गुपचूप पैसे दिल्याचा आरोप झाला. क्लबने हिशेबाची कागदपत्रं दाखवायलाच नकार दिला. १९१९मध्ये लीगने क्लबला हाकलून दिलं, खेळाडूंचा हॉटेलात लिलाव झाला आणि चॅपमन यांच्यावरही बंदी आली. त्यांची बाजू अशी की त्या दिवसांत ते बार्नबोच्या दारूगोळा कारखान्यात मॅनेजर होते, क्लबचा कारभार त्यांच्या हातात नव्हताच. कागदपत्रं पुढे आलीच नाहीत, त्यामुळे खरं काय याचा पुरता उलगडा झाला नाही. फुटबॉल सुटला, ते कारखान्यातली नोकरी करत राहिले.

त्यांना परत आणलं हडर्सफील्ड टाऊनने. क्लबने त्यांच्या बाजूने अपील केलं, बंदी उठली. १९२१पासून पुढच्या चार वर्षांत एफए कप आणि सलग दोनदा लीग! तिसरं विजेतेपद समोर दिसत असताना त्यांनी क्लब सोडला आणि १९२५च्या उन्हाळ्यात आर्सेनलला आले.

तेव्हाचं आर्सेनल म्हणजे तुम्हाला माहीत असलेलं आर्सेनल नव्हे. आदल्या मोसमात २२ टीममध्ये विसावं, थोडक्यात रेलिगेशन टळलेलं. मोठी ट्रॉफी एकही नाही. अध्यक्ष हेन्री नॉरिस यांनी मॅनेजर हवा म्हणून जी जाहिरात दिली, त्यात ट्रान्सफरवर वारेमाप पैसे उधळणाऱ्याने अर्ज करू नये असं सुचवलेलं. चॅपमननी आल्या आल्या चार्ली बुकनला घेतलं. दोन हजार पौंड रोख आणि वर त्याच्या प्रत्येक गोलमागे शंभर पौंड, असा सौदा.

त्याच उन्हाळ्यात ऑफसाइडचा नियम बदलला. आधी चेंडू पुढे टाकताना आक्रमक आणि गोललाइन यांच्यामध्ये समोरच्या टीमचे किमान तीन जण लागायचे, आता दोन पुरे झाले. परिणाम बघा: पहिल्या डिव्हिजनमध्ये एका मोसमात ११९२ गोल होत होते, ते पुढच्या मोसमात १७०३ झाले. डिफेंडर गोंधळून गेले. ३ ऑक्टोबर १९२५ला न्यूकॅसलने आर्सेनलला ७-० धुतलं.

इथे तुमच्या कट्ट्यावरचा मुद्दा येतो. तेव्हा सगळे २-३-५ खेळायचे. मधल्या तिघांतला सेंटर हाफ म्हणजे टीमचा राजा, तो अडवायचाही आणि पुढे जाऊन आक्रमणही घडवायचा. बुकनचं म्हणणं होतं की या राजाला मागे खेचा, दोन फुलबॅकच्या मध्ये उभा करा. चॅपमननी ते ऐकलं. मधली जागा रिकामी पडू नये म्हणून पुढचा एक खेळाडू खाली आणला. दोनच दिवसांनी वेस्ट हॅमविरुद्ध ४-० जिंकले. हळूहळू याचाच आराखडा झाला: मागे तीन, मध्ये दोन अधिक दोन, पुढे तीन. कागदावर इंग्रजी डब्ल्यू आणि एमसारखा दिसतो म्हणून नाव पडलं डब्ल्यू-एम.

त्या मोसमात आर्सेनल दुसरं आलं. आता फॅन खूश असणार, नाही का? पण पुढच्या चार मोसमांत लीगमधला नंबर पाहा: ११, १०, ९ आणि १४. १९२७च्या एफए कप फायनलला पोचले आणि कार्डिफकडून १-० हरले. त्यात पैसा पाण्यासारखा चाललेला. बोल्टनच्या डेव्हिड जॅकसाठी दहा हजार पौंडांहून जास्त मोजले, तो तेव्हाचा विक्रम. आजचा जमाना असता तर पाचव्या वर्षी चौदाव्या नंबरवरच्या मॅनेजरचं काय झालं असतं, हे मी सांगायला नको.

क्लबने मात्र त्यांना ठेवलं. मधल्या काळात नॉरिस पैशांच्या गैरव्यवहारात अडकून बाहेर गेले, नव्या अध्यक्षांनीही विश्वास काढला नाही. चॅपमन एकेक जागा भरत राहिले. मागे भिंतीसारखा उभा राहणारा हर्बी रॉबर्ट्स फक्त दोनशे पौंडांत आणला. एक्झिटरहून सतरा वर्षांचा क्लिफ बास्टिन आणला. ढगळ शॉर्ट्सवाला अ‍ॅलेक्स जेम्स प्रेस्टनमध्ये गोल करायचा, त्याला गोल करणं सोडून पास द्यायला लावलं. सुरुवातीला त्याचाही सूर लागेना. दर आठवड्याला टीम मीटिंग व्हायची, टेबलावर लोहचुंबकाचे खेळाडू सरकवत डावपेच ठरायचे, आणि खेळाडूंनाही बोलायची मुभा होती.

२६ एप्रिल १९३०. एफए कप फायनल, समोर जुनी टीम हडर्सफील्ड. आर्सेनल २-० जिंकलं, पहिला गोल जेम्सचाच. लीगमधल्या चौदाव्या नंबरचं ते वर्ष हेच! पुढच्या मोसमात ६६ गुण, १२७ गोल आणि लीगचं विजेतेपद. दक्षिण इंग्लंडमधल्या क्लबने लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

मग तरी टीका थांबली? छे! आता बाकीच्या क्लबांचे फॅन त्यांना नशीबवान आर्सेनल म्हणून चिडवायला लागले. नव्वद मिनिटं मागे बसायचं आणि दोन धावांत मॅच चोरायची, हा काय खेळ? यातला एक भाग खरा होता. आक्रमण करणारा सेंटर हाफ हळूहळू संपला, आणि बाकीच्या टीमनी नुसता मागचा स्टॉपर उचलला, जेम्स आणि बास्टिन कुठून आणणार? पण मोसमात १२७ गोल करणाऱ्या टीमला भित्री कसं म्हणायचं?

माणूस संत नव्हता, हेही लक्षात ठेवा. जानेवारी १९३३मध्ये तिसऱ्या डिव्हिजनच्या वॉल्सॉलने कपमध्ये आर्सेनलला २-० हरवलं. त्यात पेनल्टी देणाऱ्या टॉमी ब्लॅकला चॅपमननी आठवड्याभरात विकून टाकलं. आर्सेनलसाठी तो पुन्हा कधीच खेळला नाही. त्या मोसमातही लीग आर्सेनलनेच जिंकली.

डावपेचांपलीकडेही त्यांचं डोकं चालायचं. १९२८मध्ये शर्टवर नंबर घालून टीम उतरवली, लीगने ते सक्तीचं केलं १९३९मध्ये. फ्लडलाइटसाठी मागे लागले, अधिकृत मॅचना परवानगी मिळायला १९५०चं दशक उजाडलं. मैदानाजवळच्या गिलेस्पी रोड स्टेशनला १९३२मध्ये क्लबचं नाव मिळवून दिलं. आजही लंडनच्या पिकॅडिली लाइनवर आर्सेनल नावाचं स्टेशन लागतं ते त्यांच्यामुळे.

१९३४च्या पहिल्या आठवड्यात थंडीत मॅच बघत फिरताना त्यांना सर्दी झाली. तरी ते गिल्डफर्डला क्लबच्या तिसऱ्या टीमची मॅच बघायला गेले. त्याचा न्यूमोनिया झाला. ६ जानेवारीला, ५६वा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना, ते गेले. त्या दिवशी घरच्या मैदानावर आर्सेनलची मॅच होती, ती खेळाडूंनी खेळली, १-१ ड्रॉ. त्या मोसमाची लीग आर्सेनलने जिंकली, त्याच्या पुढचीही. तिकडे हडर्सफील्डनेही १९२६मध्ये हॅट्ट्रिक पूर्ण केली होती. दोन क्लब, दोन हॅट्ट्रिक, दोन्ही त्यांनी बांधलेल्या टीमच्या, आणि दोन्ही पूर्ण झाल्या तेव्हा ते तिथे नव्हते.

म्हणून प्रत्येक हरणाऱ्या मॅनेजरला पाच वर्षं द्या, असं मी म्हणत नाहीये. प्रत्येक जण काही चॅपमन नसतो. पण पुढच्या वेळी वाद घालताना स्कोअर थोडा बाजूला ठेवून एवढं बघा: टीमला काय करायचंय हे खेळाडूंना कळतंय का? गेल्या महिन्यात मोकळी पडणारी जागा या महिन्यात भरली जातेय का? त्याने आणलेला नवा प्लेअर त्याच्या आराखड्यात बसतोय, की नुसताच महागडा आहे? उत्तरं हो असतील तर चौदाव्या नंबरवरही थोडा दम धरायला हरकत नाही. आणि नाही असतील, तर खुशाल भांडा!