माक्स वीन

माक्स कार्ल वेर्नर वीन (२५ डिसेंबर १८६६ – २२ फेब्रुवारी १९३८) हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी १८९१ मध्ये मांडलेला 'वीन सेतू' पुढे साइन तरंग निर्माण करणाऱ्या आंदोलकाचा पाया ठरला. नोबेल पारितोषिक विजेते व्हिल्हेल्म वीन हे त्यांच्या भाऊबंदांपैकी होत.

जीवन

वीन यांचा जन्म प्रशियातील कनिग्झबर्ग (सध्याचे कलिनिनग्राड, रशिया) येथे झाला. १८८८ मध्ये बर्लिन येथे डॉक्टरेट मिळवल्यावर त्यांनी व्युर्ट्सबर्ग येथे राँटगेन यांच्यासमवेत काम केले. पुढे आखेन व डान्झिग येथे अध्यापन करून १९११ ते १९३५ या काळात ते येना विद्यापीठात प्राध्यापक होते. बिनतारी प्रेषकातील ठिणगी त्वरित विझवण्याच्या पद्धतीवर त्यांनी महत्त्वाचे संशोधन केले.

नाझी राजवटीत सैद्धांतिक भौतिकीवर वांशिक भूमिकेतून हल्ले होऊ लागले. १९३६ मध्ये वीन, हायझेनबर्ग व गायगर यांनी त्याविरुद्ध निवेदन तयार केले. त्यावर ७५ प्राध्यापकांनी स्वाक्षऱ्या केल्या. येना येथेच वीन यांचे निधन झाले.

वीन सेतू

या सेतूच्या एका भुजेत रोधक व धारित्र एकसरीत, तर दुसरीत समांतर जोडलेले असतात. मूळ हेतू धारिता मोजण्याचा होता. विवर्धक तेव्हा उपलब्ध नसल्याने त्यापासून आंदोलक बनवणे वीन यांना शक्य नव्हते. १९३९ मध्ये विल्यम ह्यूलेट यांनी स्टॅनफर्ड येथे निर्वात नलिकांच्या साहाय्याने ते साधले. आयाम स्थिर राखण्यासाठी त्यांनी लहान विजेचा दिवा वापरला.

ऑप-ॲम्पसह उपयोग

दोन्ही रोधक व दोन्ही धारित्रे समान असता एका ठरावीक कंप्रतेला सेतूतून एक-तृतीयांश विद्युत् दाब कलाबदलाविना परत येतो. त्यामुळे ऑप-ॲम्पचा लाभांक ३ ठेवल्यास आंदोलन टिकते. तो कमी असल्यास ते विरते, जास्त असल्यास तरंगाची शिखरे छाटली जातात. १० किलोओहम व ०.०१ मायक्रोफॅरड घेतल्यास कंप्रता सुमारे १.५९ किलोहर्ट्झ येते.

९ व्होल्टच्या एकाच बॅटरीवर मंडल चालवताना दोन समान रोधकांनी ४.५ व्होल्टचा मध्यबिंदू तयार करून तो धारित्राने स्थिर करतात. तरंग या बिंदूच्या वर-खाली आंदोलित होतो. हे मंडल नाशिकसह महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रात्यक्षिकांतून परिचित आहे.