खाशाबांचे कांस्यपदक

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या दप्तरात पुस्तकांच्या मध्ये क्रिकेटपटूंची चित्रे, चिकटपट्ट्या, कुठल्याशा सामन्याचे जुने तिकीट लपवलेले असते. वर्गात सापडले की शिक्षक जप्त करतात. आमचे मात्र या छंदाशी वैर नाही. खेळाडूंच्या जुन्या वस्तू जपण्याचा नाद जगभर मोठमोठ्या माणसांनाही आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये जेसी ओवेन्स या अमेरिकन धावपटूने चार सुवर्णपदके मिळवली. त्यांतले एक पदक २०१३ साली लिलावात चौदा लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. ओवेन्सने स्वतः ते आपल्या एका नर्तक मित्राला देऊन टाकले होते!

आपल्या मराठी मुलखातही असे एक पदक आहे. दोन इंच व्यासाचे, कांशाचे. ते मिळवणाऱ्या माणसाची ही हकीकत.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. पाच भावांत ते धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. मुलाला चालता-बोलता यायला लागल्यापासून त्यांनी तालमीची माती दाखवली. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगतांना आसरा देणे, पत्रके पोचवणे अशी कामे त्यांनी केली. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. अंगाने लहान, उंचीने साडेपाच फुटांच्या आतबाहेर, पण चपळाई अशी की प्रतिस्पर्ध्याला पकड मिळू नये. ढाक हा त्यांचा आवडीचा डाव. समोरच्याची मान बगलेत धरायची आणि त्याला उलटा करून जमिनीवर टाकायचे.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला आणि खाशाबा लंडन ऑलिम्पिकला गेले. तिथे एक अडचण आली. आपल्याकडे कुस्ती लाल मातीत, आणि तिथे ती गादीवर. मातीत पाठ टेकली की निकाल लागतो, गादीवर गुणांचा हिशेब असतो. पायाखाली माती नाही म्हणजे पैलवानाला अर्धे बळ गेल्यासारखेच वाटते. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना तिथे शिकवले. सर्वांत हलक्या वजनगटात त्यांचा सहावा क्रमांक आला. कोणी म्हणेल सहावा म्हणजे काय मोठेसे. पण आयुष्यात नुकताच गादीवर उभा राहिलेला खेड्यातला मुलगा जगात सहावा आला होता, आणि पुढची चार वर्षे काय करायचे हे त्याला तिथेच कळले.

१९५२ चे ऑलिम्पिक फिनलंडच्या हेलसिंकी शहरात होते. या वेळी निवडीतच अडथळे आले. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दास या मल्लासमोर एका गुणाने डावलले गेल्याची त्यांची तक्रार होती. ती घेऊन ते पतियाळाच्या महाराजांकडे गेले, फेरकुस्ती झाली आणि त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले, असे सांगतात. निवड झाली, पण जायला पैसे नव्हते. गोळेश्वरच्या लोकांनी घरोघर फिरून वर्गणी काढली. तीही पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

पालकांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे. एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी प्राचार्य घर गहाण टाकतात, ही गोष्ट शिक्षकांच्या खोलीत वाचली गेली तेव्हा आमच्यातले दोघे-तिघे बराच वेळ काही बोलले नाहीत.

हेलसिंकीत खाशाबा वरच्या, ५७ किलोच्या गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना त्यांनी हरवले. मग जपानच्या शोहाची इशी यांच्याशी लढत झाली. ती पंधरा मिनिटांहून अधिक चालली आणि इशींनी जिंकली. खाशाबा दमून गादीवरून उतरतात तोच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव यांच्याशी लढण्याचा पुकारा झाला. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो दाखवून भांडायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता, असे या प्रसंगाबद्दल नेहमी सांगितले जाते. खाशाबा तसेच उतरले आणि हरले. इशींना सुवर्ण, मम्मदबेयोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. तारीख होती २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमध्ये एकट्याच्या बळावर मिळालेले हे पहिले पदक. दुसरे यायला चव्वेचाळीस वर्षे लागली. १९९६ साली अटलांटात लिअँडर पेसने टेनिसमध्ये ते मिळवले.

त्याच स्पर्धेत खाशाबांचे सोबती केशव माणगावे हेही लढले. वरच्या गटात ते चौथे आले. जगात चौथा क्रमांक! पण चौथ्याला पदक नसते. घरी आणायला वस्तू नाही, भिंतीवर टांगायला काही नाही, आणि आज त्यांचे नाव कुस्तीच्या जाणकारांपलीकडे क्वचितच कोणी घेते.

आता त्या पदकाकडे वळू. चित्रपटात आणि दूरदर्शनवर पाहून तुम्हांला वाटत असेल की खाशाबांच्या गळ्यात ते घातले गेले. तसे झाले नाही. गळ्यात पदक घालण्याची पद्धत १९६० च्या रोम ऑलिम्पिकपासून सुरू झाली. त्याआधी पदक हाती दिले जाई. म्हणून हेलसिंकीच्या पदकाला फीत नाही. कोणी तुम्हांला फीत लावायच्या कडीसकट १९५२ चे पदक दाखवले, तर कडी नंतर लावली असावी किंवा पदकच खोटे असावे, असे जाणकार संग्राहक लगेच म्हणेल. जुन्या वस्तू जमवणाऱ्याला असा इतिहास पाठ असावा लागतो. दुसरे म्हणजे, कांशावर वर्षानुवर्षांनी जी काळपट झाक येते ती जाणकार कधीही घासून काढत नाहीत. ती वस्तूच्या वयाची खूण असते, आणि घासताना कोरीव अक्षरेही झिजतात. आपल्याकडे दसऱ्याला चिंच लावून ढाली आणि चषक लखलखीत करण्याची हौस असते. गृहिणींनी राग मानू नये, पण तांब्या-पितळेच्या भांड्यांना ते शोभते, बक्षिसांना नाही.

त्या काळच्या ऑलिम्पिक पदकाच्या एका बाजूला हातात झावळी आणि मुकुट घेऊन बसलेली विजयाची देवता आहे. दुसऱ्या बाजूला लोकांनी खांद्यावर उचलून घेतलेला विजेता आहे. हे चित्र एका इटालियन शिल्पकाराने काढले आणि १९२८ पासून ते पदकांवर येत होते. गोळेश्वरच्या लोकांनी पदकाची ती बाजू तोवर पाहिलेलीही नसेल. पण खाशाबा परतले तेव्हा त्यांनी तेच केले. दीडशेच्या आसपास सजवलेल्या बैलगाड्या, ढोल-ताशे, लेझीम. एरवी पंधरा मिनिटांत सरणारी वाट त्या दिवशी सात तासांत सरली, असे तिथे सांगतात. आपल्याकडे पोळ्याला वेशीत बैलांची रांग लागते ती डोळ्यांसमोर आणा, म्हणजे थोडी कल्पना येईल.

मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केले? कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले आणि त्यातून आलेल्या पैशांनी प्राचार्यांचे घर सोडवले. पदकापेक्षा ही गोष्ट आम्हांला तसूभरही कमी वाटत नाही.

पुढचे आयुष्य साधे गेले. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले, सत्तावीस वर्षे नोकरी केली आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना खेटे घालावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांना मान मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. दिल्लीच्या कुस्ती मैदानाला त्यांचे नाव २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी देण्यात आले.

गोळेश्वरात त्यांच्या नावाने कुस्ती संकुल उभारण्याची घोषणा सरकारने केली होती. वर्षे गेली, संकुल झाले नाही. तेव्हा २०१७ च्या जुलैत त्यांच्या चिरंजीवांनी जाहीर केले की संकुलाला पैसा हवा म्हणून आता वडिलांचे पदक लिलावात काढू. महाराष्ट्रात एकच खळबळ उडाली. घरातली अशी वस्तू विकायला काढू नये असे पुष्कळांनी म्हटले. आमच्या शिक्षकांतही दोन तट पडले. एक तट म्हणे, पदक देशाचे आहे, ते घरच्यांनी विकू नये. दुसरा म्हणे, देशाचे आहे तर संकुल बांधायला देश कुठे होता? आमचे मत दुसऱ्या बाजूला झुकते. ज्या मुलाने बापाचे पदक इतकी वर्षे सांभाळले, त्याने ते विकायचे म्हणताना काय सोसले असेल, हे आपण बाहेरून बोलणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आणि वस्तू सरकारजमा केली की ती सुखरूप राहते असेही नाही. खाशाबांनी कांस्य मिळवले त्याच्या दुसऱ्याच दिवशी हेलसिंकीत भारताने हॉकीचे सुवर्ण जिंकले. अंतिम सामन्यात नेदरलँड्सवर सहापैकी पाच गोल बलबीरसिंग यांचे होते. १९८५ साली बलबीरसिंगांनी नियोजित संग्रहालयासाठी आपली ३६ पदके, १२० छायाचित्रे आणि १९५६ च्या ऑलिम्पिकमधला कर्णधाराचा कोट सरकारी क्रीडा संस्थेच्या हवाली केला. संग्रहालय झाले नाही आणि वस्तूही सापडल्या नाहीत. म्हातारपणी ते त्यांची चौकशी करत राहिले. २५ मे २०२० रोजी ते वारले तेव्हाही त्या परत आलेल्या नव्हत्या.

हे सगळे आदिलाबादला बसून का लिहायचे, असे विश्वस्त मंडळींपैकी कोणी विचारील. आपली घरे पैनगंगेच्या अलीकडे, नातीगोती पलीकडे. दोन्ही काठांवरच्या जत्रांतून कुस्त्यांची दंगल पिढ्यान्‌पिढ्या होत आली. लहान पोरांची नारळावर, मोठ्यांची रोख इनामावर, आणि शेवटच्या कुस्तीला चांदीचे कडे किंवा फेटा. ती कडी आज कुठे आहेत? काही मोडीत गेली, काही ट्रंकेत आहेत.

मागच्या पालक सभेला एक आई असेच एक कडे रुमालात बांधून घेऊन आल्या. सासऱ्यांना मिळालेले. सोनाराने वजन करून भाव सांगितला होता, पण त्यांनी मोडले नाही. आम्ही विचारले, कोणत्या जत्रेत, कोणत्या साली, कोणाला चीत करून? त्यांना ठाऊक नव्हते. घरी आजींना विचारू म्हणाल्या. आजींना गाव आठवले, सालाऐवजी दुष्काळाचे वर्ष आठवले, समोरच्या पैलवानाचे नाव मात्र आठवेना.

शाळेने यासाठी आता एक वही घातली आहे. वस्तू घरीच राहू द्यावी, आम्हांला फक्त दाखवावी. आम्ही तिचे छायाचित्र घेऊ आणि सोबतची हकीकत उतरून ठेवू. जुन्या छायाचित्रामागे नावे लिहायची असतील तर मऊ पेन्सिलीने लिहावीत, बॉलपेनने लिहू नयेत. त्याचे वळ पुढून उमटतात. प्रमाणपत्राला प्लास्टिकचे आवरण चिकटवून घेऊ नये, ते पुन्हा निघत नाही. वहीच्या पहिल्या पानावर त्या कड्याची नोंद आहे. गाव लिहिले आहे, दुष्काळाचे वर्ष लिहिले आहे, आणि हरलेल्या पैलवानाच्या नावासाठी एक ओळ रिकामी सोडली आहे. पलीकडच्या गावांत ज्यांचे आजोळ आहे त्यांनी दिवाळीच्या सुटीत विचारून यावे.