झांझिबारचे सुलतान बरगश आणि इंग्रजांची दोस्ती

रमजानचा रोजा कोणी जाणूनबुजून मोडला, तर त्याचे प्रायश्चित्त ठरलेले आहे. त्याला कफ्फारा म्हणतात. आज त्यातल्या दोनच गोष्टी लोकांना ठाऊक असतात: सलग साठ रोजे ठेवणे किंवा साठ गरिबांना जेवू घालणे. पण हदीसमध्ये या दोन्हींच्या आधी तिसरीच गोष्ट सांगितली आहे, ती म्हणजे गुलामाला मुक्त करणे. जकातीचा पैसा ज्या आठ कामांसाठी खर्च करता येतो, त्यातही गुलामांची सुटका हे एक काम आहे. जगभर माणसांची खरेदी-विक्री चालत असतानाची ही शिकवण. पुढे बाराशे वर्षांनी एका अरब सुलतानापुढे हाच प्रश्न उभा राहिला, पण तो आला इंग्रज सरकारच्या तहनाम्यातून. त्या सुलतानाचे नाव सय्यद बरगश बिन सईद. त्यांच्या आयुष्यातली दोन वर्षे मुंबईत गेली होती.

झांझिबार हे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचे बेट. आज ते टांझानिया देशात आहे. ओमानचे सुलतान सय्यद सईद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मस्कतहून आपला मुक्काम तिथे हलवला आणि लवंगेच्या बागा वाढवल्या. मोसमी वाऱ्यांवर चालणारी गलबते मुंबई, कच्छ, मस्कत आणि झांझिबार यांच्यात ये-जा करत. बंदरावरच्या कराचा मक्ता कच्छच्या जयराम शिवजी यांच्या पेढीकडे होता. बाजारात लवंग होती, हस्तिदंत होते आणि माणसेही होती. आफ्रिकेच्या आतल्या भागातून धरून आणलेले स्त्री-पुरुष आणि मुले इथे विकली जात. हा आकडा वर्षाला पंधरा-वीस हजारांच्या घरात जात असे, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

इंग्रजांचा वकील, म्हणजे कॉन्सल, 1841 पासून झांझिबारमध्ये राहू लागला. नागपूरकरांना या पदाचा अर्थ वेगळा समजावून सांगायची गरज नाही. सीताबर्डीच्या रेसिडेन्सीत बसलेला साहेब भोसल्यांच्या दरबारात काय करत होता, हे या शहराने पाहिले आहे. 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर गादीवर राजा राहिला, पण कारभाराची दोरी रेसिडेंटच्या हाती गेली. तिसरे रघुजी 1853 मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले. झांझिबारमध्ये तोच डाव समुद्रावर, अधिक सावकाश खेळला गेला.

बरगश यांचा जन्म 1837 च्या सुमाराचा. त्यांची आई हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियातली, आणि सुलतानाच्या जनानखान्यातली दासी होती. अशा दासींची मुलेही राजपुत्रच मानली जात आणि गादीवर हक्क सांगू शकत. पण याचा अर्थ असाही होतो, की ज्या व्यापारावर त्या घराण्याची तिजोरी भरत होती, त्याच व्यापाराचा धागा बरगश यांच्या स्वतःच्या जन्माशी जोडलेला होता.

ऑक्टोबर 1856 मध्ये सय्यद सईद मस्कतहून परतताना जहाजावरच वारले. एकोणीस-वीस वर्षांचे बरगश त्याच जहाजावर होते. रात्री गुपचूप उतरून वडिलांचे दफन करायचे आणि गादी ताब्यात घ्यायची, असा त्यांचा बेत होता. तो फसला आणि थोरले भाऊ माजिद सुलतान झाले. तीन वर्षांनी बरगश यांनी पुन्हा उठाव केला. या वेळी खोले आणि सलमे या बहिणी त्यांच्या बाजूने होत्या. सलमे जेमतेम पंधरा वर्षांच्या. मुलींना लिहायला शिकवत नसत, म्हणून उंटाच्या खांद्याच्या हाडावर कुराणातील अक्षरे गिरवत त्या स्वतःच लिहायला शिकल्या होत्या. कटाची पत्रे त्यांच्याच हातची. माजिद यांच्या सैनिकांनी बरगश यांच्या घराला वेढा घातला, तेव्हा बहिणी दासींचा घोळका घेऊन आत गेल्या आणि भावाला बायकांच्या वेषात बाहेर घेऊन आल्या. राजघराण्यातल्या स्त्रियांना अडवायची सैनिकांची हिंमत झाली नाही.

तरीही उठाव टिकला नाही, कारण इंग्रज माजिद यांच्या बाजूने उतरले. कॉन्सल रिग्बी हे मुंबईच्या फौजेतले अधिकारी होते. इंग्रज युद्धनौकेवरचे सैनिक किनाऱ्यावर उतरताच लढाईचा निकाल लागला. बरगश शरण आले आणि त्यांना मुंबईला धाडण्यात आले.

मुंबईतली 1859 ते 1861 ही वर्षे बरगश यांच्यासाठी शाळाच ठरली. बोरीबंदरहून आगगाडी सुटू लागून सहा वर्षे झाली होती. विहार तलावाचे पाणी नळाने शहरात खेळू लागले ते याच सुमारास. गोदी, तारयंत्र, छापखाने हे सारे डोळ्यांपुढे होते. 1857 चा उठाव कसा मोडला गेला, याच्या आठवणीही ताज्या होत्या. आणि याच काळात, 1861 मध्ये, कलकत्त्याहून व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांनी निवाडा देऊन त्यांच्या वडिलांच्या राज्याचे दोन तुकडे केले. मस्कत एका भावाकडे, झांझिबार दुसऱ्याकडे. झांझिबारने मस्कतला दरवर्षी 40 हजार चांदीचे रियाल द्यायचे, असे ठरले. अरबांच्या घरातला वाटणीचा तंटा हिंदुस्थानातल्या इंग्रज दप्तरात मिटवला गेला. इंग्रजांशी लढून काही मिळत नाही, हा धडा बरगश मुंबईहून घेऊन गेले.

ऑक्टोबर 1870 मध्ये माजिद वारले आणि बरगश सुलतान झाले. गादीवर बसताच गुलामांच्या व्यापाराबाबत ते नरमाईने वागतील, अशी इंग्रजांची अपेक्षा होती. बरगश यांनी ती साफ धुडकावली. ते इबादी पंथाचे होते आणि कडव्या धर्मपंडितांचा गट त्यांच्या पाठीशी होता. बागाईतदार अरबांची सारी शेती गुलामांवर चाले. त्यात एप्रिल 1872 मध्ये मोठे वादळ झाले. सुलतानाचे आरमार बुडाले आणि झांझिबार बेटावरच्या लवंगेच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. तिजोरी रिकामी झाली असतानाच जानेवारी 1873 मध्ये इंग्रजांचा खास दूत येऊन पोहोचला.

हे दूत म्हणजे सर बार्टल फ्रिअर, मुंबईचे माजी गव्हर्नर. मुंबईचे फ्लोरा फाउंटन आधी त्यांच्याच नावाने बांधले जाणार होते. त्यांची मागणी एकच होती: समुद्रावरून होणारी गुलामांची वाहतूक पूर्ण थांबवा आणि बाजार बंद करा. बरगश यांनी वादळाचे नुकसान सांगितले, बंडाची भीती सांगितली, मुदत मागितली. पण सही केली नाही. फ्रिअर रिकाम्या हाताने परतले. त्यानंतर कॉन्सल जॉन किर्क यांच्याकडे लंडनचा हुकूम आला की सही झाली नाही, तर युद्धनौका बेटाची नाकेबंदी करतील. 5 जून 1873 रोजी बरगश यांनी सही केली. गुलामांचा बाजार त्याच दिवशी बंद झाला. पुढे त्या जागेवर चर्च उभे राहिले, ते आजही आहे.

माणसांचा बाजार बंद झाला, हे निखळ चांगले काम होते. त्यानंतर ज्या लेकरांची विक्री टळली, त्यांना ते कोणाच्या धाकाने टळले याच्याशी काही देणे-घेणे नव्हते. पण बरगश यांच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. ज्या धर्माने कफ्फाऱ्यात गुलाममुक्तीला पहिले स्थान दिले, त्या धर्माच्या राजाला हे काम स्वतःच्या धर्माच्या आधारावर करता आले असते. तसे केले असते, तर त्याची नियत आणि त्याचे श्रेय दोन्ही त्यांचे राहिले असते. ते झाले तोफेच्या भीतीने. मग त्याला सौद्याचे रूप आले: सुलतानाने इंग्रजांचे म्हणणे मानायचे आणि बदल्यात इंग्रजांनी त्याच्या राज्याला सांभाळायचे.

काही वर्षे हा सौदा फायद्याचा वाटला. 1875 मध्ये बरगश लंडनला गेले. राणी व्हिक्टोरियाने त्यांचे स्वागत केले. परतल्यावर त्यांनी झऱ्याचे शुद्ध पाणी नळाने शहरात आणले, छापखाना घातला, आगबोटी विकत घेतल्या. समुद्राखालची तार 1879 मध्ये झांझिबारला पोहोचली. 1883 मध्ये बैत अल-अजाइब, म्हणजे नवलाईचा महाल, उभा राहिला. मुंबईत पाहिलेले किती तरी त्यांनी आपल्या गावात आणले. 1876 मध्ये जमिनीवरून चालणारे गुलामांचे तांडेही त्यांनी हुकूम काढून बंद केले. सैन्य उभारायला इंग्रज अधिकारी आला, आणि प्रत्येक मोठ्या कामात किर्क यांचा सल्ला घेणे हा दरबाराचा रिवाजच झाला.

सौद्याची परीक्षा 1885 मध्ये झाली. कार्ल पीटर्स या जर्मन माणसाने आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरच्या सरदारांकडून कागदांवर सह्या घेतल्या आणि बर्लिनने तो मुलूख आपल्या संरक्षणाखाली जाहीर केला. बरगश यांनी जर्मन बादशहाकडे निषेध नोंदवला. ऑगस्टमध्ये पाच जर्मन युद्धनौका महालासमोर नांगर टाकून उभ्या राहिल्या. त्या ताफ्याबरोबर आलेल्या एका जहाजावर सलमे होत्या. भावासाठी कटाची पत्रे लिहिणाऱ्या या बहिणीने नंतर एका जर्मन व्यापाऱ्याशी लग्न केले होते. आता विधवा होऊन, वारशाचा हक्क मागायला त्या आल्या होत्या. बरगश यांनी त्यांची भेट घेतली नाही.

सुलतानाची सारी भिस्त इंग्रजांवर होती. पण इजिप्तच्या कामात इंग्रजांना बिस्मार्कची मर्जी हवी होती. किर्क यांना लंडनहून सूचना आली की जर्मनांना विरोध करू नका. ज्या किर्क यांनी बारा वर्षांपूर्वी नाकेबंदीची धमकी पोहोचवली होती, त्यांनाच आता माघारीचा सल्ला द्यावा लागला. 1886 च्या करारात इंग्लंड आणि जर्मनीने मुख्य भूमी आपसांत वाटून घेतली. सुलतानाकडे उरली बेटे आणि दहा मैल रुंदीची किनारपट्टी.

मार्च 1888 मध्ये बरगश यांचे निधन झाले. वय पन्नाशीचे. दोन वर्षांनी झांझिबार इंग्रजांचे संरक्षित राज्य झाले. ऑगस्ट 1896 मध्ये त्यांचे पुत्र खालिद यांनी इंग्रजांच्या मर्जीविरुद्ध गादी घेतली, तेव्हा इंग्रज तोफांनी पाऊण तासाच्या आत महाल पाडला. गुलामगिरी कायद्याने रद्द झाली ती त्यानंतर, 1897 मध्ये. तोवर हुकूम काढणारा सुलतान नावापुरता उरला होता.

रोजाची सुरुवात नियतीने होते. दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसाची नियत रोजाची नसेल, तर तो रोजा धरला जात नाही. बरगश यांनी केलेले सर्वांत मोठे काम योग्यच होते, पण ते दुसऱ्याच्या धाकाने झाले, म्हणून त्याचे श्रेय इंग्रजांच्या खात्यात गेले आणि त्याची किंमत मात्र झांझिबारने चुकवली. आपल्या घरातला अन्याय आपण वेळेवर दूर केला नाही, तर तो दूर करण्याच्या निमित्ताने परका घरात शिरतो. बरगश यांच्या आयुष्यातून एवढे तरी शिकण्यासारखे आहे.