मंद्राचे उपासक : उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर

हार्बर मार्गावरील खांदेश्वर स्थानक मागे टाकून पनवेल गाठले की पुढे काही अंतरावर पळस्पे लागते. पुण्याचा जुना महामार्ग आणि गोव्याचा महामार्ग येथेच एकमेकांपासून फुटतात. अहोरात्र अवजड वाहनांची वर्दळ असलेल्या या गावाने हिंदुस्थानी संगीतातील अत्यंत हळुवार आवाजाच्या वाद्याला घर दिले, ही गोष्ट पनवेल-नवी मुंबईतल्या अनेकांनाही ठाऊक नसेल. ते वाद्य म्हणजे रुद्रवीणा आणि ते घर उभारणारे कलावंत म्हणजे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर.

खाँसाहेबांचा जन्म १४ मार्च १९२९ रोजी उदयपूरचा. ध्रुपद गायकीची अखंड परंपरा सांगणारे डागर घराणे. आजोबा झाकिरुद्दीन खाँ आणि वडील झियाउद्दीन खाँ हे दोघेही मेवाडच्या दरबारात गायक. या घराण्यात वीणा होती, पण ती प्रामुख्याने साधनेसाठी. स्वराचे सूक्ष्म स्थान नेमके कळावे, श्रुतींची ओळख पक्की व्हावी, यासाठी गायकाने वीणा हाती घ्यायची. मैफल मात्र गाण्याची. झिया मोहिउद्दीन यांनीही वडिलांकडून गायन आणि वीणा या दोहोंची तालीम घेतली. पुढे त्यांनी निवड केली ती वीणेची.

ही निवड सोपी नव्हती. १९४६मध्ये वडील गेले आणि १९४८मध्ये मेवाड संस्थान राजस्थान संघात विलीन झाले. दरबार संपले, तसा दरबारी संगीताचा आधारही संपला. ख्यालाने ध्रुपदाला केव्हाच मागे सारले होते आणि सतार-सरोदीच्या झळाळत्या नादापुढे वीणेचा मंद स्वर ऐकू येईनासा झाला होता. मोजक्या जाणकारांसमोर, छोट्या दालनात वाजवण्यासाठी घडलेले हे वाद्य मोठ्या सभागृहात टिकणार कसे, हा प्रश्न होता. खाँसाहेब मुंबईत आले, चेंबूरला राहिले आणि या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आपल्या पद्धतीने शोधले.

वाद्याचा आवाज मोठा करणे हा एक मार्ग होता. त्यांनी तो अधिक खोल केला. कोलकात्याच्या कनाईलाल यांच्या नामांकित कारखान्याकडून त्यांनी नव्या घडणीची वीणा करून घेतली. तिचे भोपळे मोठे, दांडी जाड आणि तारा अधिक जाडीच्या होत्या. नखी न चढवता नुसत्या बोटांनी ती छेडली, की आघाताचा टणत्कार ऐकू न येता स्वर आतूनच उमलल्यासारखा भासे आणि दीर्घकाळ रेंगाळे. वाद्य इतके भारी झाले, की खांद्यावर भोपळा टेकवून बसण्याची जुनी बैठक सोडावी लागली; डावा भोपळा मांडीवर आला. उस्ताद असद अली खाँ यांच्यासारखे श्रेष्ठ बीनकार खांद्यावरच्या बैठकीशी आणि नखीशी अखेरपर्यंत एकनिष्ठ राहिले. परंपरा जशीच्या तशी राखावी की तिच्या गाभ्यासाठी तिचे रूप बदलावे, हा मतभेद या दोन बैठकींत स्पष्ट दिसतो. खाँसाहेबांच्या दृष्टीने गाभा होता ध्रुपदाचा आलाप. कंठातून निघणारी मींड तारेवर तशीच निघावी, यासाठी त्यांनी वाद्याचे रूप बदलले.

त्यांचा यमन, मारवा किंवा चंद्रकौंस ध्वनिमुद्रणातून ऐकताना याची प्रचिती येते. मंद्र सप्तकात ते निवांत रमतात; एकेका स्वराला त्याच्या शेजाऱ्यांशी नाते जोडू देतात. मग जोड, झाला आणि त्यानंतर पखवाजाची साथ. घाईत असलेल्या श्रोत्याला हे वादन दाद देत नाही. त्यामुळे टाळ्यांची लोकप्रियता त्यांच्या वाट्याला बेतानेच आली. मात्र १९८१मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९८२च्या ‘ध्रुपद’ या मणी कौल यांच्या चित्रपटात ते व त्यांचे धाकटे बंधू, गायक झिया फरिदुद्दीन डागर, दोघेही आहेत. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातही त्यांनी अध्यापन केले.

शिष्य घडवण्याची त्यांची रीत मात्र विद्यापीठाची नव्हती. गुरूच्या सहवासात राहून, पहाटेच्या खर्ज साधनेपासून शिकावे, या विचारातून पळस्प्याचे गुरुकुल उभे राहिले. त्यांच्याकडे केवळ वीणाच शिकवली जात नसे. ऋत्विक सान्याल गायक झाले, पुष्पराज कोष्टी यांनी सूरबहार हाती घेतला, तर परदेशातून आलेल्या एका शिष्येने चेलोवर ध्रुपद वाजवले. वाद्य कोणतेही असो, आलाप तोच, ही त्यामागची धारणा.

२८ सप्टेंबर १९९० रोजी खाँसाहेबांचे निधन झाले. तेव्हा पुत्र बहाउद्दीन अवघे विशीतले होते. पुढील तालीम त्यांनी काका फरिदुद्दीन यांच्याकडून घेतली आणि वडिलांची वीणा व गुरुकुल दोन्ही पुढे नेले. काका २०१३मध्ये गेले. रुद्रवीणा वाजवणारे हात आजही बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. तरीही वाद्य केवळ संग्रहालयाच्या काचेआड गेले नाही, याचे मोठे श्रेय खाँसाहेबांना जाते. वीणेचा आवाज वाढवण्याऐवजी त्यांनी श्रोत्यालाच थोडे जवळ येऊन बसायला सांगितले. असे जवळ बसणारे श्रोते थोडे होते. पण त्या थोड्यांमुळेच हे वाद्य तगले.