सुतारकाम शिकलेले बॅरिस्टर

चौसाळ्याच्या एका सद्गृहस्थांनी मागे आम्हांस मोठ्या कळकळीने विचारले की, मुलास शाळेत घातले ते वकील किंवा डॉक्टर व्हावा म्हणून. त्याच्या हाती करवत व रंधा देण्यात काय हशील? प्रश्न पित्याच्या मायेचा होता, म्हणून आम्हांस त्याचा राग आला नाही. उत्तरादाखल एका बॅरिस्टराचे चरित्र येथे सादर करीत आहोत.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म ता. २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. वडील संस्थानचे दिवाण होते. १८८८ साली ते विलायतेस गेले व १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतले. १८९३ साली एका खटल्यानिमित्त ते दक्षिण आफ्रिकेस गेले आणि तेथेच त्यांच्या आयुष्यास निराळे वळण लागले. डर्बन शहरी वकिलीत जम बसल्यावर त्यांनी आपल्या पदास शोभेल असे घर सामानसुमानाने सजविले. परंतु त्या थाटात त्यांचे मन रमले नाही.

पुढे तेथील हिंदी रहिवाशांवर जाचक कायदे आले व गांधीजींनी सत्याग्रह आरंभिला. शेकडो लोक तुरुंगात गेले. त्यांच्या बायकामुलांचा सांभाळ कोणी करावा? अशा वेळी हर्मन कॅलनबॅक हे त्यांचे जर्मन यहुदी मित्र धावून आले. हे गृहस्थ घरांचे नकाशे काढून इमारती बांधणारे होते. त्यांनी ता. ३० मे १९१० रोजी जोहान्सबर्गपासून २१ मैलांवरील सुमारे ११०० एकरांची शेतवाडी विनाभाडे वापरावयास दिली. तिचे नाव टॉलस्टॉय फार्म. हिंदू, मुसलमान, पारशी व ख्रिस्ती कुटुंबे तेथे एकत्र नांदू लागली.

मंडळी राहावयास आली, पण बसावयास बाके नव्हती आणि कपडे ठेवावयास पेट्या नव्हत्या. विकत आणावे तर पैसा लोकांच्या वर्गणीचा. तेव्हा लागेल ते सामान आपणच करावयाचे असे ठरले. कॅलनबॅक सुतारखात्याचे प्रमुख झाले. त्यांचे काम अतिशय रेखीव व नेमके असे. चाळिशीचे बॅरिस्टर गांधी आणि वाडीवरील मुले त्यांच्या देखरेखीखाली बाकापासून पेटीपर्यंत लहानमोठ्या वस्तू स्वतः करू लागली.

मित्रहो, ज्याने एकदा रंधा धरला आहे त्यास हे शिक्षण किती कठोर असते ते ठाऊक आहे. भाषणात चूक झाली तर शब्दांनी सावरता येते. लाकडात तसे नाही. माप सुतभर चुकले की सांधा ढिला बसतो, गुण्या न लावता कापले की पाय तिरका जातो. वरून कितीही घासले व तेल दिले तरी आतला दोष झाकत नाही. बाक बसणाऱ्याखाली डुलतेच.

त्या वाडीवर आणखी एक नियम होता. जे काम शिक्षक स्वतः करीत नसे, ते मुलांस सांगावयाचे नाही. संडास साफ करण्यापासून स्वयंपाकापर्यंत प्रत्येक कामी वडीलमाणूस मुलांबरोबर असे. कॅलनबॅक तर ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती मठात जाऊन चपला करावयास शिकून आले आणि गांधीजी ती विद्या त्यांजकडून शिकले.

१९१५ साली गांधीजी स्वदेशी परतले. १९३६ साली ते वर्ध्याजवळील शेगाव या खेड्यात राहावयास गेले. तेच पुढे सेवाग्राम म्हणून प्रसिद्धीस आले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण द्यावे हा विचार त्यांनी तेथे मांडला. पुढे डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने जे उद्योग सुचविले त्यांत सूतकताईबरोबर सुतारकामही होते. ता. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्ली येथे मारेकऱ्याच्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला.

आमच्या वर्गातील मुलांनी यंदा एक बाक केले. पहिल्या दिवशी ते डुलले. मुलांनी पायाखाली चिपळी सारली, ती आम्ही काढविली. सांधा उकलून पाय पुन्हा बसवावयास लावला. यास चार दिवस गेले. आता ते बाक शाळेच्या ओसरीवर आहे. चौसाळ्याचे सद्गृहस्थ येतील तेव्हा त्यांनी त्यावरच बसावे, अशी आमची विनंती आहे.